कंट्रोलमध्येच दोन ठिपके दिसालेत? आधी झिरो मिनिटाची नळी बघा

यीस्टच्या पेशीत क्रोमोसोमच्या दोन कॉप्या एकमेकींना धरून आहेत का, हे आम्ही मायक्रोस्कोपखाली चमकणारे ठिपके मोजून बघतो, एक ठिपका म्हणजे धरलेल्या, दोन म्हणजे सुटलेल्या. मार्च संपत आला की आमच्या लॅबमध्ये दरवर्षी एकच रडगाणं सुरू होतं. यंदा ते ज्युनिअरच्या तोंडून आलं. "दादा, २५ डिग्रीच्या कंट्रोलमध्ये पण दोन-दोन ठिपके दिसालेत की!" मी म्हटलं मोजायला चुकला असशील, सरक जरा, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला तर खरंच, जिथं एकेकच ठिपका असायला पाहिजे तिथं बऱ्याच पेशींत जोडी बसलेली. पोरगं बिचारं सकाळी सातपासून उभं होतं, जेवण पण नाही. त्याला म्हटलं चल आधी मिसळ खाऊन येऊ, ठिपके कुठं पळून जात नाहीत. नंतर सगळं उकरून काढलं आणि लक्षात आलं की दोन वर्षांपूर्वी मी पण अगदी असाच फसलो होतो आणि कुठं लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून आता लिहितोय.

ज्यांनी नुकतंच यीस्टचं काम हातात घेतलंय त्यांच्यासाठी थोडं मागचं. बेकरीच्या यीस्टच्या हॅप्लॉइड (म्हणजे प्रत्येक क्रोमोसोम एकेकच असलेल्या) पेशीत १६ क्रोमोसोम असतात. पेशी दुभंगायच्या आधी प्रत्येकाची कॉपी निघते आणि त्या दोन कॉप्या, म्हणजे सिस्टर क्रोमॅटिड, वेळ येईपर्यंत एकमेकींना धरून राहतात. धरून ठेवणारं प्रोटीन म्हणजे कोहेसिन. त्याचे भाग एसएमसी१, एसएमसी३ आणि एससीसी१ ही तिघं मिळून एक कडं तयार करतात आणि एससीसी३ बाहेरून चिकटलेलं असतं. आपल्याकडं ऊसतोडीत मोळी कशी वाढ्यानं बांधतात, तसं समजा, ऊस उसाला चिकटलेला नसतो, वाढ्याच्या वेढ्यात अडकलेला असतो. कोहेसिन पण दोन्ही डीएनए असेच वेढ्यात घेतं. वेढा घालायचं काम एससीसी२ आणि एससीसी४ करतात. पण नुसता वेढा घालून भागत नाही, कॉपी निघत असतानाच इको१ नावाचं एन्झाइम एसएमसी३ वरच्या ११२ आणि ११३ नंबरच्या लायसिनवर (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल) अॅसिटिल लावतं, म्हणजे गाठ आवळते, नाहीतर डब्ल्यूपीएल१ नावाचं प्रोटीन येऊन वेढा उकलत बसतं. आणि शेवटी कोयता, म्हणजे सेपरेज, यीस्टमध्ये त्याला एस्प१ म्हणतात. तो ऊस तोडत नाही, फक्त वाढं तोडतो, एससीसी१ च्या १८० आणि २६८ नंबरच्या आर्जिनिनपाशी, हे पण अमिनो आम्लच. तोवर पीडीएस१ नावाचं प्रोटीन त्याला धरून बसलेलं असतं, आणि एपीसी-सीडीसी२० नं (प्रोटीनना कचऱ्याची खूण लावणारी यंत्रणा) पीडीएस१ ची विल्हेवाट लावली की मगच कोयता चालतो.

एक गंमत सांगून पुढं जातो. १९९७ साली एससीसी१ दोन गटांनी वेगवेगळं पकडलं, एक व्हिएन्नात किम नॅस्मिथचा आणि एक अमेरिकेत डग कोश्लंडचा, त्यामुळं एकाच जीनला एससीसी१ पण म्हणतात आणि एमसीडी१ पण, आणि दुसऱ्या जीवांत त्यालाच आरएडी२१. आमच्या फ्रीजरच्या डब्यात दोन्ही नावांच्या ट्यूब होत्या आणि ज्युनिअरनं पंधरा दिवस ते दोन वेगळे जीन समजून डबल म्युटंट बनवायचा घाट घातला होता. हसू नका, तुमच्या डब्यात पण असं काहीतरी असणार.

आता प्रयोग. पाचव्या क्रोमोसोमवर युरा३ जीनच्या जागी टेट ऑपरेटर नावाच्या डीएनएच्या छोट्या तुकड्याच्या ११२ प्रती गुणिले तीन, म्हणजे ३३६ प्रती घातलेल्या, सेंट्रोमिअरपासून (क्रोमोसोम ओढताना जिथं पकडतात ती जागा) साधारण ३५ हजार बेस लांब, आणि त्यावर जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन लावलेलं टेट रिप्रेसर जाऊन बसतं. हिरवा ठिपका दिसतो. क्रोमॅटिड धरलेली असली तर दोन्ही ठिपके एकावर एक येऊन एकच दिसतो, सुटली की दोन. पेशी अल्फा फॅक्टरनं (यीस्टचा मिलनाचा संकेत) जी-वनमध्ये, म्हणजे डीएनए कॉपी व्हायच्या आधीच्या टप्प्यात थांबवायच्या, मग सोडायच्या नोकोडॅझोल ह्या औषधात, म्हणजे क्रोमोसोम दोन्हीकडं ओढणारा स्पिंडल तयार होत नाही, ओढाताण नाही, आणि तरीही ठिपके सुटले तर दोष धरून ठेवणाऱ्याचा. वाइल्ड टाइपमध्ये (बिघाड नसलेला मूळ स्ट्रेन) पण शंभरात दहाएक पेशी दोन ठिपके दाखवतात, ते चालतं, त्याला घाबरू नका. एससीसी१-७३ सारख्या टेम्परेचर सेन्सिटिव्ह, म्हणजे गरम केलं की बिघडणाऱ्या म्युटंटमध्ये ३७ ला निम्म्याहून जास्त पेशी दोन दाखवायला पाहिजेत आणि २५ ला वाइल्ड टाइपसारखंच दिसायला पाहिजे. आमचं घोडं अडलं ते ह्या २५ वाल्या कंट्रोलवर.

तर पहिली गोष्ट, आणि खरं तर हीच एक गोष्ट सांगायला एवढं टायपलंय. दोन ठिपके दिसले की सगळे नोकोडॅझोलला शिव्या घालतात, अँटिबॉडी बदलतात, नवीन प्लेट मागवतात. अरे पण झिरो मिनिटाची नळी बघितली का? म्हणजे अल्फा फॅक्टरमध्ये थांबलेल्या, अजून डीएनए कॉपीच न केलेल्या पेशींची. तिथं सिस्टर नावाची गोष्टच नाही. प्रत्येक पेशीत एक ठिपका म्हणजे एकच ठिपका पाहिजे, दुसरा यायचा प्रश्नच नाही. तिथंच दोन दिसत असतील तर कोहेसिनचा काही संबंध नाही, त्या पेशीत ठिपकेवाला क्रोमोसोमच दोनदा आहे. आमच्या पोरानं झिरोची नळी फिक्स करून ठेवलेली पण मोजली नव्हती, कारण "त्यात काय बघायचंय, जी-वन तर हाय". मोजली तर शंभरातल्या वीसेक पेशींत दोन. झालं, निम्मा गुन्हा इथंच उघडा पडला.

आता दोनदा का आला? इथं कोल्हापूरचा उन्हाळा आडवा येतो. आमच्याकडं जो शेकर इन्क्युबेटर आहे तो फक्त गरम करतो, थंड करत नाही. त्यावर २५ सेट केलं की डिस्प्लेवर काही दिवस २५ दिसतं आणि आपण खूश. पण एप्रिलमध्ये दुपारी खोलीच ३२-३३ ला असली तर हीटर बंद करून मशीन बसणार, त्यापेक्षा जास्त ते काय करणार? त्यात मोटरची स्वतःची गरमी वेगळी. मी रिकाम्या फ्लास्कमध्ये पाणी घालून, त्यात साधं काचेचं थर्मामीटर बुडवून, रात्रभर ठेवून बघितलं तर सकाळी ३० च्या वर. म्हणजे ज्याला आपण आरामाचं तापमान म्हणतोय त्या तापमानाला एससीसी१-७३ अर्धवट आजारी. मरत नाही, वाढतो पण, ओडी (कल्चर किती दाट झालाय त्याचं माप) पण दाखवतो, म्हणून संशय येत नाही. पण कोहेसिन अर्धवट लुळं असलं की रात्रभरात बऱ्याच पिढ्या होताना क्रोमोसोमची वाटणी चुकते, एका पेशीला दोन जातात, दुसरीला एकही नाही. एकही न मिळालेली मरते आणि दोनवाली जगते, वाढते. शिवाय काही पेशी अख्ख्याच्या अख्ख्या डिप्लॉइड होतात, म्हणजे सगळेच क्रोमोसोम दुप्पट. सकाळी तुमच्या हातात जो कल्चर येतो त्यात ही सगळी भेसळ.

आणि इथं एक वाईट बातमी, हे नंतर थंड करून सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी ज्युनिअरनं तोच कल्चर बर्फाच्या पाण्यात ठेवून नीट २५ वर आणला, पुन्हा केलं, पुन्हा तेच. साहजिक आहे, भेसळ झाली ती झाली, तापमान उतरलं म्हणून जास्तीचा क्रोमोसोम बाहेर पडत नाही. प्लेटवरून पण घेऊ नका, कारण प्लेट पण त्याच खोलीत आठवडाभर टेबलावर पडलेली. उणे ऐंशीतल्या ग्लिसरॉल स्टॉकवर जायचं, सिंगल कॉलनी काढायच्या, पाच-सहा कॉलन्या वेगवेगळ्या वाढवून प्रत्येकीची अल्फा फॅक्टरवाली नळी बघायची आणि जिच्यात सगळीकडं एकच ठिपका तीच पुढं न्यायची. पेशीगणिक डीएनए मोजणारा फ्लो सायटोमीटर असेल तर वन-सी चा, म्हणजे एकपट डीएनएचा पीक बघून घ्या, लगेच कळतं. आमच्याकडं नाही, दुसऱ्या ठिकाणी नेऊन लाइन लावावी लागते, म्हणून आम्ही ठिपक्यांवरच भागवतो. एक लक्षात घ्या, डिप्लॉइड झालाय म्हणून तो अल्फा फॅक्टरला थांबणार नाही असं समजू नका. ए आणि अल्फा ह्या यीस्टच्या दोन मिलन-जाती मिळून झालेला डिप्लॉइड थांबत नाही, पण हा स्वतःच दुप्पट झालेला, दोन्हीकडून फक्त ए जातीचाच, त्यामुळं मस्त थांबतो आणि आपल्याला गंडवतो. पेशी जरा थोराड दिसतात एवढीच खूण.

उन्हाळ्यात २५ ला वाढवायचं कसं, तर आमचा जुगाड असा. थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात पाणी, त्यात फ्लास्क, खाली मॅग्नेटिक स्टरर, आणि बर्फाच्या बाटल्या आळीपाळीनं. लॅबमधले मामा येताना कोपऱ्यावरच्या लिंबू सोडावाल्याकडून बर्फ आणतात, तो पण आता विचारत नाही कशाला लागतोय. स्टरर पण थोडा गरम होतो, तर फ्लास्कखाली थर्माकोलचा पातळ तुकडा घालायचा. रात्री मात्र हे जमत नाही, म्हणून रात्रीचा कल्चर एसी असलेल्या इन्स्ट्रुमेंट रूममध्ये. तिथं लाईट गेली की एसी बंद आणि शेकर पण बंद, आणि सकाळी तळाला पांढरा थर. तो हलवून "ओडी बरोबर आलाय" म्हणून वापरू नका भावांनो, ज्या पेशी उपाशी थर धरून बसल्या त्या अल्फा फॅक्टरमधून एका तालात सुटत नाहीत. पातळ करून पुन्हा दोन पिढ्या वाढवा, मग घ्या.

दुसरा गोंधळ वाइल्ड टाइपमध्ये होतो आणि तो वेगळा आहे, त्याला वरचा उपाय लावून उपयोग नाही. झिरो मिनिटाला एकेकच ठिपका, छान, पण दोन तासांनी शंभरात तीस-चाळीस पेशींत दोन. इथं डॅपी हा डीएनए रंगवणारा रंग लावून न्यूक्लियस बघा. मोठी कळी (आईपेशीला फुटणारी नवी पेशी) आलेली आणि न्यूक्लियस एकच असेल तर ती पेशी मोजायची. एक ठिपका आईकडं आणि एक कळीत, मध्ये न्यूक्लियस पण फाटलेला, म्हणजे ती पेशी थांबलीच नाही, रीतसर ॲनाफेजमध्ये, म्हणजे क्रोमॅटिड वेगळी व्हायच्या टप्प्यात गेली, तिचं कोहेसिन कोयत्यानं वेळेवर तोडलं. त्यात प्रोटीनचा काय दोष? दोष नोकोडॅझोलचा, म्हणजे आपलाच. ते डीएमएसओ ह्या द्रावकात विरघळतं, पाण्यात नाही. थंड मीडियात एकदम ओतलं की बारीक सुया तळाला बसतात आणि आपण समजतो १५ मायक्रोग्रॅम पर मिली आहे, प्रत्यक्षात पेशींना मिळालं निम्मं. मीडिया गरम ठेवा, हलवत हलवत थेंब थेंब घाला, एकूण डीएमएसओ एक टक्क्याच्या आसपास ठेवा. लांबचा प्रयोग असला तर तासाभरानं अर्धा डोस परत. आणि स्टॉकचे छोटे छोटे भाग करून ठेवा, आमच्याकडं एकच मोठी ट्यूब सगळे वापरायचे, बाहेर काढ, आत ठेव, बाहेर काढ, आत ठेव.

अल्फा फॅक्टरबद्दल थोडक्यात. १३ अमिनो आम्लांचा पेप्टाइड आहे आणि पेशी स्वतःच बार१ नावाचा प्रोटिएज बाहेर सोडून त्याला खातात, म्हणून बार१ काढलेला स्ट्रेन असेल तर अगदी थोडा पुरतो, नसेल तर शंभरपट जास्त लागतो आणि मध्ये परत घालावा लागतो. स्ट्रेनच्या वहीत हे लिहिलेलं नसेल तर आधी शोधा. दहातल्या नऊ पेशी बिनकळीच्या दिसल्याशिवाय सोडू नका, घाई केली की पुढचं सगळं पाण्यात.

सेंट्रोमिअरच्या जवळ ठिपका असलेला स्ट्रेन कुणी हातात दिला असेल तर सावध. तिथं स्पिंडल दोन्हीकडून ओढत असताना चांगल्या धडधाकट पेशीत पण ठिपके सुटतात आणि परत जवळ येतात, २००० साली हे दोन-तीन लॅबनी दाखवलंय. म्हणजे नोकोडॅझोल न घालता, सीडीसी२० बंद करून पेशी थांबवली आणि सेंट्रोमिअरजवळचा ठिपका मोजला तर वाइल्ड टाइपमध्येच बऱ्याच पेशींत दोन दिसतील. एका पोरीनं फोन करून रडत सांगितलेलं की माझं कोहेसिन नापास आहे. नापास नव्हतं, रस्सीखेच चालू होती. असा प्रयोग करायचाच असेल तर बाहूवरचा, सेंट्रोमिअरपासून लांबचा ठिपका घ्या.

आता उलटी तक्रार, म्युटंट असून एकच ठिपका दिसतो. ह्यात मला सगळ्यात जास्त आवडतं ते इको१-१ चं, म्हणजे इको१ च्या टेम्परेचर सेन्सिटिव्ह म्युटंटचं प्रकरण. एकानं पेशी २५ ला सोडल्या, तासभर थांबला, मग ३७ ला नेल्या, आणि म्हणतो इको१ चा काही परिणामच होत नाही. होणारच नाही की! इको१ चं काम डीएनए कॉपी होत असतानाच असतं, एकदा गाठ आवळली की त्याची गरज संपली. एससीसी१ चं तसं नाही, ते कड्याचाच भाग आहे, शेवटपर्यंत लागतं, म्हणून एससीसी१-७३ उशिरा तापवला तरी ठिपके सुटतात. म्हणून इको१-१ अल्फा फॅक्टरमध्ये असतानाच अर्धा तास ३७ ला न्यायचा आणि तिथंच सोडायचा. आणि ३७ म्हणजे हवेच्या इन्क्युबेटरमध्ये फ्लास्क ठेवून बसू नका, ५० मिली मीडिया हवेत तापायला बराच वेळ जातो तोवर एस फेज, म्हणजे डीएनए कॉपीचा टप्पा उरकून जातो. वॉटर बाथ वापरा, किंवा आधीच गरम केलेल्या मीडियात पेशी टाका.

इको१-१ ची दुसरी खोड म्हणजे तो हळूहळू "बरा" होतो. चार-पाच वेळा प्लेटवरून प्लेटवर केला की ३७ ला पण कॉलन्या यायला लागतात. डब्ल्यूपीएल१ बिघडलं की इको१ शिवाय पण पेशी जगते, गाठ उकलणाराच नसेल तर आवळणाऱ्यावाचून कसंबसं भागतं. तशीच सूट पीडीएस५ (कोहेसिनला चिकटणारं आणखी एक प्रोटीन), एससीसी३ किंवा एसएमसी३ मधल्या काही बदलांनी पण मिळते. गंमत म्हणजे इको१ आणि डब्ल्यूपीएल१ दोन्ही नसलेल्या पेशी जगतात पण ठिपके मोजले तर बऱ्यापैकी सुटलेलेच दिसतात, म्हणजे जगणं वेगळं आणि घट्ट धरणं वेगळं. तर प्रत्येक प्रयोगाबरोबर त्याच कल्चरचे थेंब प्लेटवर टाकून २५ आणि ३७ ला वाढवून ठेवा, दोन दिवसांनी कळेल की तुम्ही म्युटंटच मोजला का दुसरं काही.

टेटऐवजी लॅक ऑपरेटरवाला जुना स्ट्रेन असेल तर लॅक रिप्रेसर कुठला घातलाय ते बघा. मूळ रिप्रेसर चौघांचा गट करतो आणि दोन्ही क्रोमॅटिड स्वतःच एकमेकांना शिवून टाकतो, म्हणजे कोहेसिन नसलं तरी ठिपका एकच. १९९६ सालीच हे दाखवून झालंय, म्हणून शेपूट कापलेला, फक्त जोडी करणारा रिप्रेसर वापरतात. शिवाय फक्त एका फोकसवर फोटो काढला तर वरचा ठिपका दिसतो, खालचा राहतो. वरपासून खालपर्यंत थर घ्या. ठिपके फिके पडत चालले असतील तर ऑपरेटरच्या प्रती आपसात अदलाबदल होऊन गळाल्यात, परत स्टॉक.

डब्ल्यू३०३ ह्या यीस्ट स्ट्रेनवाल्यांनी मीडियात अॅडेनिन जास्तीचं घाला. एडीई२ जीन चालू नसल्यानं पेशीत लाल रंग साचतो आणि तो स्वतःच चमकतो, मग कुठला ठिपका आणि कुठली घाण कळत नाही. मी एकदा आख्खी स्लाइड त्या चमकीवर मोजली आहे, सरांना दाखवायच्या आधी कळलं म्हणून बरं.

वेस्टर्न ब्लॉटवर एससीसी१ चा तुटलेला तुकडा दिसत नाही म्हणून दोघांनी विचारलंय. दिसायला अवघडच आहे. तोडल्यावर मागचा तुकडा आर्जिनिननं सुरू होतो आणि असा तुकडा यूबीआर१ ह्या कचऱ्याची खूण लावणाऱ्या प्रोटीनच्या वाटेनं लगेच कचऱ्यात जातो. यूबीआर१ काढलेल्या स्ट्रेनमध्ये केलं तर तो नीट साठलेला दिसतो. पेशी फोडताना टीसीए हे आम्ल वापरा, नाहीतर बाकीचे प्रोटिएज आधीच हात मारून जातात.

तापमानाची कटकटच नको असेल तर ऑक्सिन डेग्रॉनचा मार्ग आहे, भातातलं टीआयआर१ हे प्रोटीन यीस्टमध्ये घालायचं, एससीसी१ ला टॅग लावायचा आणि ऑक्सिन घातलं की प्रोटीन जातं, पेशी कुठल्याही तापमानाला असो. आम्ही तिकडं वळतोय. पण टॅग लावला की काही वेळा ऑक्सिन न घालताच प्रोटीन थोडं कमी होतं, म्हणजे परत तोच अर्धवट आजारी कल्चर. झिरो मिनिटाची नळी तिथं पण मोजावीच लागते.

मोजताना नळ्यांची नावं दुसऱ्याकडून झाकून घ्या. ज्युनिअरनं माझ्या झाकल्या तेव्हा मला जो "सरळसरळ म्युटंट" वाटला तो वाइल्ड टाइप निघाला, आणि त्या संध्याकाळी गंगावेशीत सगळ्यांच्या दुधाचे पैसे मला द्यावे लागले.

नवीन कॉलन्यांतल्या सहापैकी चार बरोबर निघाल्या. त्यातली दोन नंबरची आम्ही पुढं नेली, २५ ला नोकोडॅझोलमध्ये दोन ठिपके शंभरात नऊ, ३७ ला बासष्ट. उरलेल्या दोन कॉलन्यांत झिरोलाच जोडी होती, म्हणजे स्टॉकच मुळात कुणीतरी उन्हाळ्यात बनवलेला. डब्यावर तारीख बघितली, मे महिना, अक्षर माझंच.